इंजिन उघडलंच आहे, तर काय काय बदलायचं?

मंडळी, ट्रॅव्हलरचं इंजिन खाली उतरलं की मालकाच्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं: ‘उघडलंच आहे तर अजून काय टाकून घेऊ?’ प्रश्न अगदी योग्य आहे. पण उत्तर बहुतेक वेळा दुकानदाराच्या यादीतून येतं, मोजमापातून येत नाही. आज आपण ते मोजमापातून काढू.

उदाहरण म्हणून जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं इंजिन घेतो, कारण ते इथल्या बहुतेकांच्या हाताखालून गेलेलं आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजेच २००५ पासूनच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेलं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन. चार सिलिंडर, २,३९९ सीसी, प्रीचेंबर (डिझेल आधी पेटतं ती छोटी खोली), मेकॅनिकल डिझेल पंप.

सुरुवात इंजिन उतरवण्याआधीच करा. गरम इंजिनावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. या घराण्यातलं इंजिन चांगलं असेल तर २२ ते २४ बार मिळतात. आकडा १५ च्या खाली गेला, किंवा दोन सिलिंडरमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक दिसला, तर खोलायला कारण आहे. ऑइलचं प्रेशरही गरम असतानाच बघा. रेस दिल्यावर काटा ३ बारला जात नसेल तर बेअरिंग आणि ऑइल पंप दोन्ही संशयात. हे आकडे कागदावर लिहून ठेवा. खोलल्यावर ते परत मिळत नाहीत.

आता बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ते सिलिंडरचं भोक. ‘रिंग टाकून देतो, पाच-सहा महिने निघतील’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो मानण्याआधी एक सोपी तपासणी करा. जुनी एक रिंग घ्या आणि पिस्टन उलटा धरून तिला बोअरमध्ये सरळ खाली ढकला. आधी अगदी तळाशी, जिथे रिंग कधी पोहोचतच नाही आणि झीज नसते. तिथे फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) रिंगच्या टोकांमधली फट मोजा. मग तीच रिंग वर आणा, वरच्या वळापासून (झीज न झालेल्या माथ्याच्या कडेपासून) बोटभर खाली, आणि पुन्हा मोजा. समजा खाली ०.४५ मिमी आली आणि वर ०.८५. फरक ०.४०. त्याला ३.१४ ने भागा. बोअर व्यासात जवळजवळ ०.१३ मिमी झिजलाय. ०.१० च्या वर गेलं की बोअरिंग (बोअर कापून मोठा करणं) आणि ओव्हरसाइझ पिस्टन, दुसरा मार्ग नाही. अशा बोअरमध्ये नुसत्या रिंग टाकल्या तर नवी वरची रिंग त्या वळाला ठोकर खाते आणि काही हजार किलोमीटरात तुटते. तुटलेली रिंग पिस्टन आणि बोअर दोन्ही घेऊन जाते, म्हणजे वाचवलेले पैसे दुप्पट होऊन खिशातून जातात.

बेअरिंग फेकून देण्याआधी नीट वाचा. शेल (बेअरिंगची अर्धगोल पट्टी) हातात घेऊन उजेडात तिरकी धरा. करड्या थराखालून तांबूस रंग डोकावत असेल तर वरचा थर संपलाय. झीज फक्त एका कडेला असेल तर नवी बेअरिंग टाकून काही साधणार नाही, कनेक्टिंग रॉड वाकलाय का ते आधी तपासा. क्रँकच्या जर्नलवरून (बेअरिंग बसते त्या गुळगुळीत भागावरून) अंगठ्याचं नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ग्राइंडिंगला पाठवा. साइझ ०.२५ मिमीने उतरते आणि बेअरिंगही त्याच साइझची लागतात. ग्राइंडिंगवाल्याला कोपऱ्यातली गोलाई ठेवायला बजावून सांगा. कोपरा काटकोनात कापला गेला की क्रँक नेमका तिथून तडकतो. परत आलेल्या क्रँकची तेलाची भोकं ब्रश घालून धुवा. ग्राइंडिंगची पूड आत राहिली तर नवी बेअरिंग पहिल्या दिवशीच खरवडतात.

न मोजता बदलायच्या वस्तू थोड्या आहेत. त्यांची कसोटी अशी की वस्तू स्वस्त आहे आणि तिच्यापर्यंत पुन्हा पोहोचायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मागचं क्रँक सील, पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग, टायमिंग चेनचे गाइड आणि टेन्शनर. क्लच प्लेट अर्धी उरली असली तरी बदला. वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि सगळे पाण्याचे होज हेही न मोजताच बदला. कोन देऊन कसायचे हेड बोल्ट एकदा ताणले गेले की परत वापरू नका.

बेअरिंग फुटून कण तेलात फिरले असतील आणि गाडीला ऑइल कूलर असेल, तर तो धुऊन साफ होईल या भरवशावर राहू नका. बारीक नळ्यांत अडकलेली धातूची चुरी पुढे गरम तेलाबरोबर सुटते आणि थेट नव्या बेअरिंगवर येते. नवा कूलर टाका. कॉमन रेल (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना उच्च दाबाने डिझेल देणाऱ्या) गाडीत हाय प्रेशर पंप फुटला तरी हीच गोष्ट. नुसता पंप बदलला तर चुरी इंजेक्टर खाऊन टाकते. रेल, पाइप, इंजेक्टर आणि टाकी हे सगळं हिशोबात धरावं लागतं.

आता ‘अपग्रेड’ या शब्दाकडे येऊ. घाटात सतरा माणसं घेऊन चढणाऱ्या गाडीला ताकद कमी पडते, म्हणून मालक म्हणतो, डिझेल पंप थोडा खोला, टर्बो बसवा. कृपया हे करू नका. पंप खोलला की डिझेल वाढतं, हवा तेवढीच राहते. काळा धूर येतो आणि पिस्टनचा माथा तापून तडकतो. टर्बोबद्दल तर पुरावा समोरच आहे. याच घराण्यातल्या पाच सिलिंडरच्या ओएम ६१७ ला मर्सिडीजने १९७८ मध्ये ३००एसडीसाठी टर्बो दिला, तेव्हा पिस्टनखाली तेलाचे फवारे दिले, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सोडियम भरलेले घेतले आणि क्रँक नायट्रायडिंग करून कडक केला. नुसता टर्बो बसवणारा यातलं काहीच करत नाही.

जास्तीचे पैसे असतील तर ते थंडाव्यावर लावा. दोन ओळींच्या जागी तीन ओळींचा रॅडिएटर कोर घ्या, फॅनचा श्राउड (भोवतीचं आवरण) मोडला असेल तर पूर्ण बसवा आणि बोअरवेलच्या पाण्याऐवजी तयार कूलंट भरा. आपल्याकडचं जड पाणी हेडच्या पाण्याच्या वाटांत क्षार चढवतं, आणि हेड वाकण्याची सुरुवात तिथून होते.

हेड परत बसवताना सरळ पट्टी ठेवून ०.०५ मिमीचा फीलर खाली जातो का बघा. गेला तर फेसिंग करा, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्या. पण प्रीचेंबर आणि व्हॉल्व्ह किती आत-बाहेर राहतात तेही नंतर मोजा, नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो. सम्पला (खालच्या तेलाच्या भांड्याला) सिलिकॉन बेताने लावा. आतल्या बाजूला पिळून निघालेला सिलिकॉन सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो, आणि नवं इंजिन तेलावाचून मरतं.

चालू करताना आधी डिझेल बंद ठेवून स्टार्टर मारा, थांबून थांबून, ऑइलचा काटा हलेपर्यंत. मग चालू करा, पण तासभर आयडलवर ठेवू नका. बोअर चकचकीत होतो आणि रिंग बसत नाहीत. गाडी रस्त्यावर काढा, मध्यम वजन द्या, हलक्या चढावर घ्या, वेग बदलत राहा. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. १,००० ला थंड इंजिनावर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघा: इनलेट ०.१०, एक्झॉस्ट ०.३० मिमी.