जाळीचं कपाट: पाच थर, तीन लाकडं

[दृश्य: कपाटाच्या डाव्या पायाचा कोपरा, अगदी जवळून. नखाएवढा टवका उडालेला.]

सगळ्यांत वर चॉकलेटी ऑइलपेंट. त्याखाली आकाशी. त्याखाली पोपटी. मग परत आकाशी, पण मळकट. आणि अगदी तळाशी काळपट तांबूस, काचेसारखं चकाकणारं काहीतरी.

घरात लग्न निघालं, भिंती रंगवल्या, की डब्याच्या तळाशी उरलेला रंग या कपाटावर रिकामा व्हायचा. ‘टाकून कशाला द्यायचा?’ एवढाच हिशोब. त्यामुळे स्वयंपाकघराच्या भिंती कधी पोपटी होत्या, हे आत्या कपाट न बघताही सांगते, आणि टवका बघितला तर तिचं बरोबर निघतं.

[दृश्य: पूर्ण कपाट. दोन झडपा, तिन्ही बाजूंनी जाळी, चार उंच पाय.]

फ्रीज यायच्या आधी घरोघरी हे कपाट असायचं. दूध, विरजण, सकाळची आमटी, लोण्याचा गोळा. जाळीतून वारा जायचा, मांजर जायची नाही. मुंग्यांसाठी चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असायचे. वाईच्या घरून हे टेम्पोत घालून पुण्याला आणलं तेव्हा पायांचा खालचा चार बोटं भाग बिस्किटासारखा हातात आला. वर्षानुवर्षं पाण्यात उभं राहून कुजलेला.

घरात दोन पक्ष पडले. एक म्हणे, सगळा रंग काढा, आत सागवान असणार. दुसरा म्हणे, पांढरा रंग मारा, वर स्टेन्सिलने फुलं काढा, हल्ली तसंच करतात. मी पॉलिशवाल्या काकांना बोलावलं.

[दृश्य: काकांचे हात. नखांच्या कडा कायमच्या तपकिरी.]

काकांनी आधी कपाट वाजवलं. टिचकी मारून, दरवाजावर, बाजूला, मागे. मग मागच्या बाजूला, जिथे ऑइलपेंट पोचलाच नव्हता, तिथे स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट धरून ठेवला. बोळा चिकटला, तपकिरी झाला. काका म्हणाले, ‘चपडा आहे ताई. हे कपाट पहिल्यांदा कुणीतरी नीट केलं होतं.’

ही परीक्षा कुणालाही घरी करता येते. चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं, मग ते कालचं असो की ऐंशी वर्षांपूर्वीचं. ऑइलपेंट स्पिरिटला सहसा दाद देत नाही. हल्ली सर्रास मारलं जाणारं पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइनचं पॉलिश तर अजिबातच देत नाही.

रंग काढायला दोन दिवस लागले. आणि इथे जरा थांबून सांगायलाच हवं, कारण मोबाइलवर दिसणाऱ्या व्हिडिओंत हे कुणी सांगत नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. रंग लवकर वाळावा, टिकावा, झळझळीत दिसावा म्हणून ते घालत. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद, अशी १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग असेल तर शिसं आहे असंच धरून चालायचं. असा रंग सुका घासला की धूळ होते, ती फरशीवर बसते, आणि फरशीवर रांगणाऱ्या पोराच्या तोंडात जाते. म्हणून पाणी मारून, ओला ठेवून घासायचा, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, तोंडाला धुळीचा नीट मास्क लावायचा. रुमाल नव्हे. आणि खरवड कागदात बांधून ठेवायची, झाडांच्या कुंडीत टाकायची नाही.

काहीजण दारं-खिडक्यांचा रंग काढायला कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवतात. रंग झटक्यात जातो. लाकूडही काळं पडतं, रेषे उभे राहतात, सरसाने जोडलेले सांधे सुटतात. काकांनी लोखंडी पत्ती घेतली, रिमूव्हर लावला, दहा-पंधरा मिनिटं बिडी ओढली, आणि फुगलेला रंग सायीसारखा एका बाजूने ओढून काढला. बिडी मात्र गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला. स्पिरिट आणि काडी एका ठिकाणी नको, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा.

[दृश्य: रंग निघालेलं कपाट, उन्हात.]

आत सागवान होतं. पण सगळं नव्हतं.

चौकट आणि दरवाज्यांचे सांगाडे सागवानी. सोनेरी, सरळ रेषांचे, हाताला किंचित तेलकट. हा तेलकटपणा सागवानाचा अंगचाच. त्यामुळे त्याला कीड लवकर लागत नाही, आणि त्यामुळेच रंगही कधीकधी नीट धरत नाही. बाजूंच्या पट्ट्या आंब्याच्या, मधूनच करड्या डागांच्या. आणि आतल्या फळ्या चक्क खोक्यांच्या लाकडाच्या. मधली फळी काढून उलटी केली तर खालच्या अंगाला काळ्या शाईतली स्टेन्सिलची अक्षरं: ‘धिस साइड अप’. शेजारी बाण. तो आडवा, उजवीकडे दाखवतोय.

ज्या सुताराने हे केलं, त्याला ठाऊक होतं पैसा कुठे घालायचा. दिसेल तिथे सागवान, वजन पडेल तिथे सागवान, बाकी जे हाताशी होतं ते. आम्हाला मात्र कोडं पडलं. एकाच कपाटात तीन जातीची लाकडं, तीन रंगांची. पॉलिश केलं तर ठिगळ लावल्यासारखं दिसणार.

इथे कामाला येतो स्टेन.

रंग लाकडाच्या वर बसतो, स्टेन आत उतरतो. रेषे दिसत राहतात, फक्त त्यांची छटा बदलते. पूर्वीचे कारागीर गेरू, पिवडी, काजळी पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये कालवून वापरत. काळं हवं असेल तर हिरड्याचं पाणी आणि लोखंड. हिरड्यातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळं होतं, जुनी शाई करायचीही तीच युक्ती. सागवानाचं नाव सांगून विकलं जाणारं पुष्कळसं फर्निचर हे दुसऱ्याच लाकडाला दिलेला स्टेन असतो. त्यात पाप काही नाही, पैसे सागवानाचे घेऊ नयेत एवढंच.

पाण्यातला स्टेन लावला की लाकडाचा रेषा उभा राहतो, हात फिरवला तर दाढीच्या खुंटासारखं लागतं. म्हणून काकांनी आधी नुसतं पाणी फिरवलं, वाळू दिलं, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासलं, आणि मग स्टेन. आंब्याचं लाकूड जागोजागी वेगवेगळं पितं, कापलेलं टोक तर ढसाढसा पितं. तिथे आधी पातळ चपड्याचा एक हात, म्हणजे तहान अर्धी भागते आणि डाग पडत नाहीत. हे सगळं त्यांनी आधी एका तुकड्यावर करून बघितलं. तुकडा ओला असताना जो रंग दिसतो, साधारण तोच पॉलिशनंतर दिसतो. वाळल्यावर फिका पडला म्हणून घाबरून दुसरा हात मारणारे फसतात. मीही मारणार होते. काकांनी डबा उचलून स्वतःच्या पायाशी ठेवला.

[दृश्य: काचेच्या बरणीत चपड्याच्या पातळ, मधाच्या रंगाच्या चकत्या. वरून स्पिरिट पडतं.]

आता चपडा.

पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वसती करतात. हजारो किडे, फांदीला चिकटून, आणि त्यांच्या अंगातून पाझरलेली राळ फांदीभोवती कवचासारखी जमते. ती खरवडायची, धुवायची, वितळवून गाळायची. जुन्या पद्धतीत कारागीर हा गरम लगदा भट्टीसमोर हातापायांनी, प्रसंगी दातांनीसुद्धा, चादरीसारखा ताणत. चादर थंड झाली की मोडून चकत्या. त्यांचंच नाव चपडा. देशात सर्वांत जास्त लाख झारखंडात होते, आणि लाखेवर संशोधन करणारी संस्था रांचीजवळ नामकुमला १९२४ सालापासून आहे. विनाइल येण्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकड्याही याच लाखेच्या. आजोबांचं गाणं आणि आजीचं दही ठेवायचं कपाट, दोन्हींवर किडा एकच.

चपड्याचे दोष सगळ्यांना पाठ असतात. गरम कप ठेवला की पांढरं कडं उमटतं. पाणी साचलं की तेच. स्पिरिट सांडलं तर विचारूच नका. म्हणून आज दुकानदार पीयू घ्या म्हणतात, आणि जेवणाच्या टेबलासाठी त्यांचं म्हणणं मला पटतं. पण या कपाटाबाबत काका हटून बसले. त्यांचं म्हणणं असं: ‘चपड्यावर ओरखडा आला तर पुढचा माणूस बोळा फिरवील, जुनं नवं एक होऊन जाईल. पीयू सोललं की सगळं घासूनच काढावं लागतं. पुढच्याला वाट ठेवायची ताई.’

मला वाटतं, ज्याने खाली पहिला तांबूस थर दिला त्यानेही तेच केलं होतं. चार थर ऑइलपेंटखाली तो इतकी वर्षं दबून होता, आणि अर्ध्या मिनिटात बोळ्याला ओळख दिली.

[दृश्य: बोळा फिरतो आहे. निवेदन थांबतं. फक्त आवाज.]

कापूस आत, वरून धुतलेल्या मलमलचा तुकडा, पिळून मुठीत बसेल एवढा बोळा. तो कपाटावर ठेवायचा नाही, विमान उतरल्यासारखा सरपटत टेकवायचा आणि तसाच सरपटत उचलायचा. मधे थांबला की चिकटला, खालचं सगळं उचलून आणणार. आधी रेषांच्या दिशेने, मग गोल, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. ओढ लागायला लागली की बोळ्याच्या तोंडाला जवसाच्या तेलाचं एक बोट. काकांनी चार दिवसांत किती हात दिले, मोजताना आमचा कॅमेरावाला चुकला.

हे सगळं आम्ही फेब्रुवारीत केलं. मुद्दाम. कारण काही वर्षांपूर्वी मी एकटीने, मोठ्या उत्साहात, भर जुलैत एका स्टुलाला पॉलिश केलं होतं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि पावसाळी हवेतली ओल त्यावर धरते. सकाळी स्टूल ताक शिंपडल्यासारखं पांढरं. ते अजून बाल्कनीत आहे, त्यावर तुळस ठेवते.

[दृश्य: दरवाज्यांच्या खालच्या फळ्या. इथे जाळी नाही, आंब्याचं लाकूड आहे.]

उरल्या दरवाज्यांच्या खालच्या दोन फळ्या. डागाळलेल्या, एके ठिकाणी लांबी (पुट्टी) भरलेली. यांना स्टेनने झाकता येईना. इथे काकांनीच म्हटलं, रंग द्या. सागवान उघडं, आंबा रंगवलेला. मळकट आकाशीच्या जवळ जाणारा रंग आम्ही दुकानात कालवून घेतला.

आणि त्यावर स्टेन्सिल. दुसऱ्या पक्षालाही काही मिळायला हवंच ना.

खरं तर स्टेन्सिल आपल्याकडे प्रत्येक घरात असतं, आपण त्याला रांगोळीचा छापा म्हणतो. पत्र्याला भोकं, वरून रांगोळी, खाली कमळ. पत्र्याच्या ट्रंकेवरचं नाव, धान्याच्या पोत्यावरचा मारका, सगळी तीच जात. फरक असा की छाप्यात नुसते ठिपके असतात. सलग आकार कापायचा झाला की मधे पूल, म्हणजे न कापलेल्या बारीक पट्ट्या, ठेवाव्या लागतात, नाहीतर मधला भाग गळून पडतो. देवनागरीत तर हा मोठाच ताप. व, ब, प यांची पोटं बंद. शिरोरेषा सलग कापली तर अख्खा शब्द पट्टीवरून लोंबायला लागतो. म्हणून जुन्या ट्रंकांवरच्या नावांची शिरोरेषा तुटक असते.

आम्ही जुन्या एक्स-रे फिल्मवर कमळ कापलं. फिल्म मऊ, चिवट, पुसून परत वापरता येते. कुणाच्या तरी गुडघ्याचा फोटो होता. कमळाच्या पाकळीत गुडघ्याची वाटी दिसत होती.

ब्रश जवळजवळ कोरडा हवा. रंगात टेकवायचा, कागदावर पुसायचा, वाटतं आता काहीच उरलं नाही, तेव्हा तो तयार झाला. उभा धरून टोचत जायचं, ओढायचं नाही. मी पहिल्या पाकळीला ओढला. रंग फिल्मखाली शिरला आणि कमळाला मिशी फुटली. ओल्या फडक्याने पुसलं तरी उजव्या दारावर सावली राहिलीच. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडावर कुंचल्याने थेट चितारणारे हे बघून हसले असते. त्यांचं प्रत्येक फूल वेगळं असतं ते हात मुरलेला असतो म्हणून. माझी दोन फुलं वेगळी झाली, पण ती वेगळ्या कारणाने.

[दृश्य: कपाट स्वयंपाकघरात. नवी स्टीलची जाळी. सागवानावर खिडकीचं ऊन.]

पायांना खाली सागवानाचे नवे तुकडे जोडले, कापलेल्या टोकांना चपडा पाजला. टवक्याचा तो कोपरा काकांनी तसाच ठेवला, मी सांगितलं म्हणून. त्यांना ते आवडलं नाही. ‘लोक म्हणतील काका विसरले.’ मधली फळी जशी होती तशी, बाण उजवीकडे.

वाट्यांचं काय, हा प्रश्न निघाला. काका म्हणाले, पाण्यात ठेवाल तर पुन्हा कुजेल, आणि पॉलिश पांढरं पडेल ते वेगळंच. शिवाय फ्रीज आहेच. मग वाट्या माळ्यावर गेल्या, कपाटात गूळ, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, बेसनाचे लाडू.

चौथ्या दिवशी सकाळी डाव्या मागच्या पायावरून मुंग्यांची बारीक रांग, चपड्याच्या चकचकीत सागवानावरून, थेट गुळापर्यंत.

[दृश्य: माळ्यावरून वाट्या खाली येतात. चार. एकीला पोचा.]