कपाटातला डबा

(सुरुवातीला फक्त पंख्याचा आवाज. पाच सेकंद काही बोलायचं नाही.)

ही जी घरघर ऐकू येतेय ना ती छताच्या पंख्याची नाही, सीपीयूच्या पंख्याची आहे. सदाशिव पेठेतला जुना वाडा, जिन्याखाली लाकडी कपाट आणि कपाटात हा डबा, म्हणजे राउटरचं काम करणारा कॉम्प्युटर. वर सुकून चुरा झालेली झेंडूची माळ, दसऱ्याची. पुढच्या बाजूला हळदकुंकू, बरोब्बर पॉवर बटणाच्या डोक्यावर. आणि दारावर पाटी, ती वाचता यावी म्हणून शॉट मुद्दाम लांबवलाय.

"कपाट उघडू नये. उघडल्यास नेट गेल्याची तक्रार घेऊन येऊ नये."

वाड्याच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. साठ खुर्च्या, साठ टेबलं, प्रत्येक टेबलाला एक प्लग पॉइंट, आणि स्पर्धा परीक्षा करणारी मुलंमुली, कोणी लातूरचं कोणी जळगावचं, सकाळी सातला येऊन बसतात ती रात्री जेवायलाच उठतात. या सगळ्यांचं नेट खालच्या कपाटातून जातं. वाड्याचे मालक म्हणजे काका, भोसरीच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनलचं वायरिंग करण्यात सगळी नोकरी गेली, रिटायर झाल्यावर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या नादी लागले. बाजारात दोन-तीन हजारात राउटर मिळतो हे त्यांना माहीत नाही असं नाही, पण राउटरला झाकण असतं आणि काकांना झाकण असलेली वस्तू आवडत नाही.

(काकांचे हात, कीबोर्ड जवळून. अक्षरं पुसली गेलेली.)

आता काळा स्क्रीन. काकांनी टाइप केलंय एस वाय एस सी टी एल, सहा अक्षरं. म्हणताना कोणी सिसकंट्रोल म्हणतं, कोणी सिस-सी-टी-एल म्हणतं, काका पॅनलवाले असल्यामुळे सिसकंट्रोल म्हणतात म्हणून आपणही तेच म्हणू. पुढे डॅश ए, म्हणजे सगळं दाखव. एंटर.

बघा कशा धावतायत ओळी. हजाराच्या घरात असतील. प्रत्येक ओळीत डावीकडे एक नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे बहुतेक वेळा एक आकडा. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मेमरी कुणाला किती द्यायची, नेटवर्कचं पाकीट कुठे पाठवायचं, कुठला प्रोग्रॅम कधी चालवायचा हे सगळं बघणारा, आणि हे त्याचे नॉब. काका म्हणतात पॅनलवर कसा ट्रिमर असतो, स्क्रूड्रायव्हर घालून जरासा फिरवायचा, मशीन चालू ठेवूनच, तसं. कर्नल परत बनवायचा नाही, मशीन बंद करायचं नाही, आकडा बदलला की त्या क्षणापासून वागणूक बदलली. मशीनला नवीन नेटवर्क कार्ड लावलं की या यादीत त्याच्या नावाच्या ओळी आपोआप वाढतात, आणि साध्या युजरने यादी मागितली तर मध्येमध्ये परमिशन डिनाइड येतं, त्याने घाबरायचं नाही, काही खण फक्त रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरला, उघडतात.

ही कल्पना लिनक्सची नाही बरं का. १९९३ च्या ४.४ बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीममधून आली, मॅकवरसुद्धा याच नावाची कमांड आहे. लिनक्सने मात्र तिला आपला अवतार दिला, तो आता बघा कारण आख्ख्या फिल्ममधला आमचा सगळ्यात आवडता शॉट हाच आहे.

(स्क्रीन पूर्ण फ्रेममध्ये. कर्सर लुकलुकतोय.)

फोल्डरचं नाव /प्रॉक/सिस. आत सात-आठ फोल्डर. कर्नल, व्हीएम, नेट, एफएस वगैरे. व्हीएमच्या आत स्वॅपीनेस नावाची फाईल. काका तिची माहिती मागतात, आकार किती? शून्य बाइट. शून्य म्हणजे फाईल रिकामी, बरोबर? आता तीच फाईल कॅट या कमांडने वाचतात. उत्तर ६०.

रिकाम्या फाईलमधून साठ कुठून आले?

कारण ती फाईल डिस्कवर नाहीच आहे. तुम्ही वाचायला गेलात की कर्नल त्या क्षणी आपल्या पोटातला आकडा काढून तुमच्या हातावर ठेवतो, लिहायला गेलात की तुमच्या हातातला घेऊन पोटात टाकतो. फाईल म्हणजे नुसती खिडकी. सिसकंट्रोलची कमांडसुद्धा लिनक्सवर याच खिडकीतून जाते, नावातला डॉट म्हणजे पाथमधला स्लॅश एवढंच. व्हीएम.स्वॅपीनेस म्हणजे /प्रॉक/सिस/व्हीएम/स्वॅपीनेस. पूर्वी यासाठी वेगळा सिस्टीम कॉलही, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलला थेट मारायची हाकही, होता, तो कुणी फारसं वापरत नव्हतं, २०२० साली कर्नल ५.५ मधून काढूनच टाकला.

आणि ६० म्हणजे साठ टक्के नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की काकांनी वहीत लाल पेनने लिहून ठेवलाय. साठ टक्के रॅम भरली की स्वॅप सुरू, म्हणजे मेमरीतलं सामान डिस्कवर जायला लागलं, असं नाहीये ते. मेमरी कमी पडली की प्रोग्रॅमची पानं, म्हणजे मेमरीचे तुकडे, डिस्कवर ढकलायची का फाईलींचा कॅश, म्हणजे मेमरीत धरून ठेवलेली प्रत, रिकामा करायचा, यात कल कुठे ठेवायचा त्याचं ते वजन आहे. आकडा लहान तर प्रोग्रॅमना सहसा हलवत नाही. पूर्वी शंभरपर्यंत जायचा, कर्नल ५.८ पासून २०० पर्यंत जातो, टक्के असते तर दोनशे कसे झाले असते?

(वही उघडताना. दोनशे पानी, निळं कव्हर.)

ही ती वही. तीन रकाने. सेटिंगचं नाव, आधी किती होतं, आता किती केलं. मधला रकाना भरल्याशिवाय काका तिसऱ्याला हात लावत नाहीत, आणि आम्हाला खरं सांगायचं तर ही फिल्म करावीशी वाटली ती या मधल्या रकान्यासाठी. नेटवर सर्व्हर फास्ट करा म्हणून वीस-वीस ओळींच्या याद्या फिरतात, लोक उचलतात आणि चिकटवतात, आधी काय होतं ते कोणी बघतच नाही. त्यातली एक ओळ टीसीपी_टीडब्ल्यू_रिसायकल, संपलेली कनेक्शन लवकर निकालात काढणारी, वर्षानुवर्षं प्रत्येक यादीत. आता आपली ही अभ्यासिकाच घ्या, साठ जण पण बाहेरून बघितलं तर आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, एकच. समोरच्या सर्व्हरवर कोणी ही सेटिंग चालू केली असेल तर या साठांपैकी काहींची साइट उघडणार, काहींची लटकणार, कारण सर्व्हर एकाच आयपीवरून येणारे टाइमस्टॅम्प, म्हणजे पाकिटावरचे वेळेचे शिक्के, एकाच मशीनचे समजून जुना दिसेल तो फेकून देणार. शेजारच्या खुर्चीवर चालतंय आणि माझ्याकडे का नाही म्हणून माणूस स्वतःच्या लॅपटॉपला शिव्या देणार. २०१७ मध्ये कर्नल ४.१२ मधून ही सेटिंगच काढून टाकली. जुन्या यादीतून आज चिकटवलीत तर अशी फाईल नाही म्हणून सांगतं, तरी लोक चिकटवतायत.

असो. ज्या गुरुवारी अभ्यासिकेचं नेट गेलं त्या गुरुवारकडे येऊ.

(वाड्याचा बोळ, मीटरची पेटी, अंधार झालेला जिना.)

पुण्यात गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते हे काही सांगायला नको. अभ्यासिकेत पंखे आणि ट्यूब इन्व्हर्टरवर आहेत, कपाटातला डबा एका छोट्या यूपीएसवर, त्याची बॅटरी थकलेली, वीस मिनिटांत मान टाकली. लाईट आली, डबा आपोआप चालू झाला, सगळ्यांच्या लॅपटॉपवर वायफायचे दांडे फुल्ल. आणि नेट नाही.

त्या दिवशी आम्ही तिथे नव्हतो, त्यामुळे पुढचं जे दिसतंय ते काकांनी नंतर दुरुस्ती तात्पुरती बाजूला काढून, डबा बंद-चालू करून आपल्यासाठी पुन्हा घडवलंय. खुर्चीवर बसलेली मुलगी मात्र खरी तीच, जी त्या दुपारी पाटी वाचूनसुद्धा कपाट उघडायला खाली आली होती. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, आता राज्यसेवेची तयारी. ती म्हणते ते पिंग म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतंय का ते बघायला पाठवलेलं पाकीट.

"काका, डब्यावरून पिंग जातंय. वरून नाही जात."

"मग पाकीट कुठे अडतंय?"

"डब्यातच."

"मग विचार की त्याला."

ती विचारते. सिसकंट्रोल नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड. उत्तर येतं शून्य.

हा एक आकडा म्हणजे आख्खी भानगड. डब्याला दोन नेटवर्क कार्डं आहेत, एक अभ्यासिकेकडे एक बाहेर. एका कार्डावर पाकीट आलं आणि ते आपल्या नावाचं नसलं तर काय करायचं? आकडा एक असेल तर दुसऱ्या कार्डावरून पुढे सोडायचं, शून्य असेल तर टाकून द्यायचं. साधा कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यातला फरक तो हाच, बाकी लोखंड तेच. काकांच्या नॅटचे, म्हणजे सगळ्यांना एकाच आयपीवरून बाहेर काढायचे, नियम सेव्ह केलेले होते, बूट होताना लोड पण झाले, पण पाकीट तिथपर्यंत पोचेल तेव्हा ना.

(मुलीचा चेहरा, मग तिची बोटं.)

आता इथे गंमत बघा. ती घाईत टाइप करते, सुडो म्हणजे रूट होऊन चालव, एको म्हणजे पुढचं म्हणून दाखव, मग एक, बाण, आणि आयपी_फॉरवर्डच्या फाईलचा पाथ. परमिशन डिनाइड. परत करते. परत तेच. सुडो लावलंय, पासवर्ड बरोबर आहे, मग नाही का म्हणतोय? काका मागे उभे आहेत, हाताची घडी, सांगत नाहीत. पंधरा सेकंद आम्ही कट न करता ठेवलीत.

"अगं बाण कोण मारतंय?"

सुडोने रूट झाला तो फक्त एको. बाण, म्हणजे फाईल उघडून त्यात लिहायचं काम, हे तिच्या स्वतःच्या शेलचं, म्हणजे कमांड ऐकणाऱ्या प्रोग्रॅमचं, आणि शेल अजून तिच्याच नावावर आहे. एको बिचारा रूट होऊन एक म्हणाला पण दार उघडणारा साधाच माणूस. मग एकतर एको एक, उभी रेघ, सुडो टी (आलेलं फाईलमध्ये लिहिणारी कमांड) आणि पाथ असं करायचं, नाहीतर सरळ सुडो सिसकंट्रोल डॅश डब्ल्यू, नाव, बरोबर, एक. बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे पलीकडे स्पेस द्यायची नाही हं, फाईलमध्ये लिहिताना दिली तर चालते, कमांडमध्ये नाही.

एंटर. आणि वरच्या मजल्यावरून जो आवाज येतोय तो सगळ्यांचे मेसेज एकदम आल्याचा.

लाईट आल्यापासून इथपर्यंत सव्वा तास गेला होता, एका मुलाचा फॉर्म भरायचा राहिला, शेवटची तारीख होती.

पण प्रश्न उरतोच की शून्य झालं कसं? डॅश डब्ल्यूने बदललेलं फक्त मेमरीत राहतं, डबा बंद झाला की गेलं, हे काकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक. त्यांनी /ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ या फाईलमध्ये ओळ लिहूनच ठेवली होती, कित्येक वर्षं चाललीही. मग दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी डबा लिनक्सच्या डेबियन १३ या आवृत्तीवर नेला. अपग्रेड झालं, सगळं चालू दिसलं, रीबूट करायचं राहिलं. "चालतंय ना, मग कशाला छेडा." आणि डेबियन १३ पासून बूटच्या वेळी ती फाईल वाचलीच जात नाही. आवृत्तीसोबत येणाऱ्या रिलीज नोट्समध्ये लिहिलेलं आहे. काकांनी त्या नोट्स वाचल्या नव्हत्या, हे ते कॅमेऱ्यासमोर स्वतः बोलले, आम्ही बोलायला लावलं नाही.

(नवीन फाईल तयार होताना. अक्षरं हळूहळू उमटतात.)

आता जागा /ईटीसी/सिसकंट्रोल.डी या फोल्डरची. त्यात हव्या त्या नावाची फाईल, शेवटी डॉट कॉन्फ पाहिजे. काकांनी नाव दिलंय ९९-अभ्यासिका. नव्व्याण्णव कशाला, तर फाईली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एकच सेटिंग दोन फाईलींत असेल तर नंतरची जिंकते. फाईलमध्ये एवढीच ओळ, नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड बरोबर एक. खाली मुलीने विचारून आणखी एक घातली, कर्नल.पॅनिक बरोबर दहा. ती शून्य असते, म्हणजे कर्नल कोसळला तर मशीन तिथेच गोठून राहतं, कोणी येऊन बटण दाबेपर्यंत. दहा केलं की दहा सेकंदांनी स्वतःच रीबूट. दुपारी एक ते चार काका झोपलेले असतात, तेव्हा हे बरं.

मग सुडो सिसकंट्रोल डॅश डॅश सिस्टीम. कुठकुठल्या फाईली वाचतोय ते तो एकेक सांगत जातो, त्यात ९९-अभ्यासिका दिसली का? दिसली. काका वहीत लिहितात. मधला रकाना, शून्य. तिसरा, एक.

पण काका एवढ्यावर ऐकणारे नाहीत. वर जिन्यातून हाक मारतात, "दोन मिनिटं नेट जाईल रे," आणि डबा रीतसर बंद करून प्लगच उपटतात.

(अंधार. पंखा थांबतो. इथे निवेदन नाही, वीस सेकंद.)

प्लग परत आत. घरघर सुरू. झेंडूचा एक चुरा कीबोर्डवर पडलाय, मुलगी तो फुंकून उडवते, लॉगिन करते, तीच कमांड, तेच नाव.

एक.

"काका, मी मधल्या रकान्यात काय लिहू? आधी पण एकच होतं."

"एकच लिही. आणि तारीख घाल."