एकोणपन्नास म्हणजे किती काड्या?

नमस्कार, श्रोतेहो.

पहिली-दुसरीतल्या मुलाला 'एकोणपन्नास' लिहायला सांगा; पुष्कळदा पाटीवर 59 उमटतं. 'त्रेपन्न' सांगितलं तर 35. मूल कच्चं आहे असा शेरा मारण्याआधी त्याच्या कानावर काय पडलं ते बघा. एकोणपन्नासात त्याला पन्नास ऐकू येतं. 'एकोण' म्हणजे एक उणे, हे कुणी सांगितलेलंच नसतं. त्रेपन्नात तीन आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र पाच आधी. कानडी आणि तेलुगूत 'वीस-एक' याच क्रमाने बोलतात, त्यामुळे तिथे हा उलटफेर नाही.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं आणि केवढा गदारोळ झाला! जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामं मुलांना जड जातात, असं समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण नुसतं तोंडी 'पन्नास तीन' म्हणून भागत नाही. मूल ऐकलं तसं लिहितं: आधी 50, पुढे 3. झाले पाचशे तीन!

म्हणून आधी काड्या घ्या. खराट्याच्या चालतील, बोटभर लांबीच्या शंभर, आणि दहा रबरं. दहा-दहा मोजून गठ्ठे मुलानंच बांधायचे. आयते गठ्ठे दिले, तर आत दहा आहेत यावर त्याचा भरवसा बसत नाही आणि ते पुन्हा एकेक काडी मोजू लागतं. आता 'पन्नास तीन, त्रेपन्न' अशी दोन्ही नावं म्हणत पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मांडायच्या.

मग पुठ्ठ्याची कार्डं करा. 10 ते 90 ही दशकांची कार्डं रुंद, 1 ते 9 ही त्यांच्या निम्म्या रुंदीची. 50 च्या शून्यावर 3 चं कार्ड ठेवलं की 53 दिसतं. उचललं की खालचं शून्य पुन्हा दिसतं. 503 ची चूक इथेच सुटते. लिहायला यानंतरच द्यावं. आपल्याकडे नेमकी उलट घाई असते, पाटीभर उजळणी आधी.

आता एकोणपन्नास. पाच गठ्ठे मांडा आणि म्हणा, 'एक काडी कमी कर.' सुटी काडी नाही, म्हणून मूल अडतं. अडू द्या, लगेच सांगू नका. रबर सोडल्यावर समोर चार गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या राहतात. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ असंच करून घ्या, थेट एकोणनव्वदपर्यंत. 99 ला मात्र हा नियम मोडतो. तिथे एकोणशंभर नाही, नव्व्याण्णव आहे, आणि ते नाव पाठच करावं लागतं.