विसार घेण्याआधी

‘घर विकायला काढलं’ असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा काढलेला असतो तो फक्त भाव. कागद अजून कपाटातच असतात. आज मला मुख्यतः एवढंच सांगायचंय, की जे काम विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घेण्याआधी उरकायचं ते आपण विसार घेतल्यावर सुरू करतो. पावती झाली की समोरच्याला तारीख दिलेली असते. मग सोसायटी, बँक, महापालिका यांच्या दारात जाणारा प्रत्येक दिवस विकणाऱ्याच्या अंगावर येतो.

नाशकात पहिला प्रश्न असा विचारा : आपली इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट? पाटीवर काय लिहिलंय ते सोडा, नोंदणी कशाखाली आहे ते बघा. सोसायटी असेल तर भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) लागतो आणि तो तुमच्या नावावर हवा, वडिलांच्या किंवा आधीच्या मालकाच्या नाही. १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखालची इमारत असेल तर भागदाखला नसतोच. तिथे घोषणापत्र आणि तुमच्या नावाचं डीड ऑफ अपार्टमेंट लागतं. पुष्कळांकडे बिल्डरशी झालेला करारनामा तेवढा असतो, पुढचं डीड राहून गेलेलं असतं. त्यावर बिल्डरची सही लागते. तो सापडेपर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही.

सिडकोच्या घरांचं प्रकरण वेगळं. ती मुळात भाडेपट्ट्यावर दिलेली, त्यामुळे हस्तांतराची नोंद सिडकोकडेही बघावी लागते. काही घरं मुखत्यारपत्रावर दोन-दोन, तीन-तीन हात फिरलेली आहेत. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये स्पष्ट केलंय. साखळीतला एक दुवा जरी असा असला तरी खरेदीदाराचा वकील तिथेच बोट ठेवतो.

मग भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला कंप्लिशन म्हणतो ते. दहाएक वर्षांपूर्वी कपाटांची जागा बांधकाम क्षेत्रात धरायची की नाही, या वादात आपल्या शहरातल्या कितीतरी इमारतींचे दाखले अडकले होते, ते इथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. त्या काळातली इमारत असेल तर दाखला पूर्ण आहे की अंशतः, ते आजच पाहा. गॅलरी बंद करून खोली वाढवली असेल तर तेही लपवू नका. बँकेचा माणूस मंजूर नकाशा हातात घेऊनच मोजायला येतो.

वारसांबद्दल थोडक्यात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वडील गेले, नॉमिनी तुम्ही, म्हणून बहिणीची सही लागत नाही असं समजू नका. एक तर तिने आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं, नाहीतर खरेदीखतावर तीही असावी.

आता भाव. सध्या प्रत्येकजण सिंहस्थाचं गणित मांडतोय. सिंहस्थाने रस्ते रुंद होतील, पण म्हणून इंदिरानगरातल्या वीस वर्षांच्या, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याला नव्या इमारतीचा दर मिळत नाही. जाहिरातीतला दर हा मागितलेला दर असतो. झालेला दर सूची दोनमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या व्यवहारांच्या नोंदीत असतो. आपल्याच इमारतीतले किंवा गल्लीतले गेल्या वर्षभरातले तीन-चार व्यवहार काढा. भाव काढताना कार्पेटची, म्हणजे भिंतींच्या आतल्या क्षेत्राची, तुलना कार्पेटशीच करा. जुन्या खतात क्षेत्र चौरस मीटरमध्ये आणि बहुधा बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, असतं. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट.

काही रक्कम रोख घ्यायचा आग्रह झाला तर हे लक्षात ठेवा. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारली तर घेतली तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला. शिवाय खतातली किंमत सरकारी मूल्यांकनापेक्षा १० टक्क्यांच्या सवलतीपलीकडे कमी दाखवली, तर तुमचा नफा त्या सरकारी मूल्यावरच मोजतात.

कराचा हिशेबही आधीच करा. घर २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४च्या आधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीसाठी दोन हिशेब मांडता येतात. समजा २०१२-१३मध्ये ३० लाखांना घेतलेलं घर २०२५-२६मध्ये ७५ लाखांना विकलं. साधा नफा ४५ लाख, त्याचे १२.५ टक्के म्हणजे ५,६२,५००. महागाई निर्देशांक धरला (२०१२-१३चा २००, २०२५-२६चा ३७६) तर खरेदीची किंमत ५६.४० लाख होते, नफा १८.६० लाख उरतो आणि २० टक्क्यांनी कर ३,७२,०००. अधिभार-उपकर यात धरलेला नाही. जितका काळ जास्त आणि भाववाढ जितकी कमी, तितका दुसरा हिशेब फायद्याचा. दुसरं घर घेऊन कर वाचवायचा असेल तर दोन वर्षांत घ्या, बांधायचं असेल तर तीन वर्षांत. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत तर ते कॅपिटल गेन खात्यात टाकावे लागतात. ते साध्या बचत खात्यात पडून राहिले म्हणून सूट गेलेले लोक खूप आहेत. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. तो तुमच्या पॅनवर जमा झालेला दिसेपर्यंत पाठ सोडू नका. विकणारा मुलगा परदेशात स्थायिक असेल तर हा १ टक्क्याचा नियम त्याला लागू नाही, कपात कितीतरी मोठी होते. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी काढावा, त्यालाही वेळ लागतो.

घरावर कर्ज असेल तर पेच असा पडतो : मूळ कागद तुमच्या बँकेत, आणि खरेदीदाराच्या बँकेला तेच हवेत. त्यासाठी बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि कागदांची यादी घ्या. त्यावरून खरेदीदाराची बँक थेट तुमच्या कर्जखात्याच्या नावाने धनादेश काढते. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३पासून आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, चार गोष्टी लिहून घ्या. कोणती रक्कम कोणत्या तारखेला. खरेदीदाराचं कर्ज नामंजूर झालं तर विसाराचं काय. पार्किंग कोणतं. घरात काय राहणार : गिझर, पंखे, इन्व्हर्टर. शेवटच्या मुद्द्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी लाखांवरूनही होत नाहीत. व्यवहार फिसकटला तर नोंदवलेलं साठेखत आपोआप मरत नाही. रद्दलेख नोंदवा, आणि त्याला त्याच खरेदीदाराची सही लागते. नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाच्या सर्च रिपोर्टात ते निघतंच.

सोसायटीने हस्तांतराचा प्रीमियम मागितला तर महापालिका हद्दीत तो २५,०००पेक्षा जास्त घेता येत नाही, ‘देणगी’ म्हणूनही नाही.

आणि दुय्यम निबंधकांसमोर खरेदीखतावर सही करण्याआधी पूर्ण रक्कम खात्यात आलेली पाहा. बँकेचा धनादेश असेल तर तो खरा असल्याची खात्री त्या शाखेतून करून घ्या. खत नोंदलं की मालकी गेली. बाकी राहिलेल्या पैशासाठी घरावर तुमचा हक्क कायद्याने राहतो खरा, पण तो बजावायला कोर्टातच जावं लागतं. किल्ली देताना वीजमीटरचा आकडा दोघांच्या सहीने ताबा पावतीवर लिहा, आणि घरपट्टी नव्या मालकाच्या नावावर झाल्याचा उतारा मागून ठेवा. नाहीतर पुढच्या मार्चमध्ये महापालिकेची नोटीस तुमच्या नावाने, तुमच्या जुन्या पत्त्यावर जाईल.