रुई, रूळ आणि 1914

(दृश्य: जळगाव जिल्ह्यातली जिनिंग. कापसाच्या ट्रॉलींची रांग. आत रोलर फिरताहेत, हवेत तंतू.)

दिवाळी आटोपली की खान्देशातल्या जिनिंगला दिवस-रात्र कळत नाही. ट्रॉली रिकामी होते, कापूस आत ओढला जातो, रोलरच्या एका बाजूला रुई पडते, दुसऱ्या बाजूला सरकी. रुईच्या गठाणी सूतगिरणीकडे निघतात, सरकी तेलगिरणीकडे.

(दृश्य: तळहातावर सरकी. कॅमेरा जवळ जातो.)

ही सरकी नीट पाहा. अंगावर पांढरी लव राहिली आहे. जिनिंगमध्ये न सुटलेले हे आखूड तंतू, यांनाच लिंटर म्हणतात. ते स्वच्छ करून नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात मुरवले की त्यांचा नायट्रोसेल्युलोज होतो. गोळीला नळीतून बाहेर फेकणारी बिनधुराची दारू त्यापासूनच बनते. 1846 मध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं कापसाचा हा स्वभाव जगासमोर आणला. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयनं त्यातून रायफलमध्ये भरता येईल अशी दारू तयार केली. पाच वर्षांत ब्रिटनची अशीच बिनधुराची दारू, कॉर्डाइट, आली. विसाव्या शतकात पाऊल टाकताना युरोपातलं प्रत्येक मोठं सैन्य कापसावर उभं होतं, आणि बहुतेक कापूस समुद्रापलीकडून येत होता.

(दृश्य: वरणगावचा हायवे, ऑर्डनन्स फॅक्टरीची पाटी, शिफ्ट सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या सायकली आणि मोटारसायकली.)

आपल्याकडे वरणगावला बंदुकीच्या गोळ्या बनतात. 1962 च्या चीन युद्धानंतर उभा राहिलेला हा कारखाना. कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते, मुलांची शिक्षणं त्यावर झाली. या माणसांबद्दल आमच्या मनात आदरच आहे. प्रश्न आहे तो देशादेशांत शर्यत लागते तेव्हा काय होतं, हा. तो समजून घ्यायला पहिलं महायुद्ध पेटलं त्या 1914 सालाइतका उघडा दाखला दुसरा नाही.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. पोर्ट्समथची गोदी, युद्धनौका.)

10 फेब्रुवारी 1906. ब्रिटननं ड्रेडनॉट नावाची युद्धनौका पाण्यात सोडली. बारा इंची दहा तोफा, वाफेच्या टर्बाइनवर एकवीस नॉट वेग. तिच्यासमोर जगातल्या सगळ्या युद्धनौका एका दिवसात जुन्या ठरल्या, ब्रिटनच्या स्वतःच्यासुद्धा. जर्मनीचा ॲडमिरल टिर्पिट्झ 1898 पासून आरमार वाढवत होताच. आता ब्रिटनची मागची आघाडी पुसली गेली आणि दोघांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली. 1909 मध्ये ब्रिटनच्या आरमार खात्यानं सहा नव्या नौका मागितल्या, काटकसरवाले चार म्हणाले, आणि तडजोड झाली आठांवर. लोक रस्त्यावर ओरडत होते, आठच पाहिजेत, आणि आत्ताच.

(दृश्य: यावल तालुका. केळीच्या बागेत बोअरचं मशीन, उडणारा धुरळा.)

केळीच्या पट्ट्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेजाऱ्यानं खोल बोअर घेतला की आपलं पाणी जातं. म्हणून आपण त्याहून खोल जातो. मग तो पुन्हा मशीन बोलावतो. दोघांनाही फक्त आपली बाग वाचवायची असते.

जर्मनीला आरमार हवं होतं स्वतःच्या सुरक्षेसाठी आणि प्रतिष्ठेसाठी. त्या आरमारानं ब्रिटनला शत्रू केलं. ब्रिटननं 1904 मध्ये फ्रान्सशी जुनी भांडणं मिटवली होती, 1907 मध्ये रशियाशीही मिटवली. पुढे युद्ध लागलं तेव्हा त्याच ब्रिटननं समुद्र अडवला, आणि ऑगस्ट 1915 मध्ये कापूस हा युद्धाचा निषिद्ध माल ठरवला. जर्मनीला दारूसाठी लाकडाचा लगदा वापरावा लागला. ज्या समुद्री वाटा राखायला जहाजं बांधली, त्या जहाजांपायीच बंद झाल्या.

(दृश्य: पहाटेचं भुसावळ. यार्डातले सिग्नल, मालगाड्या, तापीवरचा रेल्वे पूल.)

आता भुसावळला या. इथून एक मार्ग नागपूरकडे जातो, दुसरा तापी ओलांडून खंडवा-इटारसीकडे. रेल्वेच्या कंट्रोलमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, गाडीला नुसता रूळ पुरत नाही. पाथ लागतो, म्हणजे त्या वेळेला राखलेली वाट. पुढचा सेक्शन मोकळा लागतो, इंजिन, क्रू, पाणी, उभं राहायला लाइन लागते. एक रेक चुकली तर मागच्या दहा अडकतात.

जर्मनीचं युद्ध असंच बसवलेलं होतं. एका बाजूला फ्रान्स, दुसऱ्या बाजूला रशिया, आणि दोघांचा 1894 पासून करार. जर्मन सेनापतींचा हिशेब असा: रशिया अवाढव्य आहे, त्याला सैन्य गोळा करायला आठवडे लागतील, तेवढ्यात बेल्जियममधून घुसून फ्रान्सचा निकाल लावायचा, मग गाड्या पूर्वेकडे वळवायच्या. सगळी योजना रशियाच्या संथपणावर टेकलेली. आणि रशिया फ्रान्सच्या कर्जावर नेमके रूळच टाकत होता, सरहद्दीकडे. 1917 पर्यंत त्याची मोठी लष्करी योजना पुरी होणार होती. जर्मनीनं 1913 मध्ये सैन्य वाढवलं, फ्रान्सनं त्याच वर्षी सक्तीची लष्करसेवा तीन वर्षांची केली. 8 डिसेंबर 1912 च्या बैठकीत सेनापती मोल्टके जर्मनीच्या सम्राटाला, कैसरला, म्हणाला होता, युद्ध टळणार नाही, मग जितकं लवकर तितकं बरं.

शर्यतीत शस्त्रं वाढतात हे सगळ्यांना दिसतं. विचार करायला मिळणारा वेळ आटतो, ते दिसत नाही. आमचं सगळं लक्ष त्या आटणाऱ्या वेळाकडे आहे.

(दृश्य: नकाशा. बाल्कन. मग साराएवोचं छायाचित्र.)

ठिणगी पडायला बाल्कन होताच. 1908 मध्ये ऑस्ट्रियानं बोस्निया गिळला, 1912 आणि 1913 मध्ये तिथे दोन युद्धं झाली. 28 जून 1914 ला साराएवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली. त्यामागे सर्बिया आहे असं म्हणत 23 जुलैला ऑस्ट्रियानं सर्बियाला खलिता दिला, उत्तराला मुदत 48 तास. 28 जुलैला युद्ध पुकारलं.

(दृश्य: भुसावळ यार्ड, रात्र. सिग्नल लाल, मग हिरवा.)

सर्बियाच्या पाठीशी रशिया होता. 29 जुलैला रशियाच्या झारनं सगळं सैन्य गोळा करायचा हुकूम दिला. रात्री कैसरची तार आली आणि झारनं तो मागे घेतला. एवढा वेळ युरोपाला मिळाला, एक रात्र. 30 तारखेला मंत्री आणि सेनापती पुन्हा झारच्या मागे लागले. थांबलो तर ऑस्ट्रियाच्या बाजूचा जर्मनी पुढे जाईल, हाच मुद्दा. रशियाचा सेनाप्रमुख यानुश्केविच म्हणाला होता की या वेळी हुकूम मिळाला की मी टेलिफोन फोडून टाकतो, पुन्हा रद्द करायला कुणी मला गाठायला नको. झारनं हुकूम दिला.

1 ऑगस्टला बर्लिनमध्ये बातमी आली की फ्रान्सला हात लावला नाही तर ब्रिटन बाजूला राहील. कैसर मोल्टकेला म्हणाला, मग सगळं सैन्य पूर्वेकडे वळवू या. मोल्टकेचं उत्तर होतं, ते जमणार नाही. लाखो माणसांची ही मांडणी वर्षभराच्या कामातून उभी राहिली आहे, ती आयत्या वेळी बदलता येत नाही. बातमी चुकीची निघाली आणि गाड्या पश्चिमेकडेच गेल्या. पुढचे दोन आठवडे कोलोनच्या ऱ्हाइनवरच्या एकाच पुलावरून दर दहा मिनिटांना एक लष्करी गाडी गेली.

(दृश्य: तापीवरच्या पुलावरून जाणारी मालगाडी. पूर्ण लांबी, आवाजासह.)

चार वर्षं युद्ध चाललं. भारतातून 13 लाखांहून जास्त माणसं गेली, 74 हजारांच्या आसपास परत आली नाहीत. 1918 मध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा देशात पसरला.

(दृश्य: वाघा सीमेचं फाटक. मग क्षेपणास्त्राच्या चाचणीची उपलब्ध चित्रफीत.)

आपल्याकडे डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला, सैन्य सीमेवर पोचायला तीनेक आठवडे गेले. तेवढ्यात दडपण आणायला आणि बोलणी करायला जगाला वेळ मिळाला. पुढे भारतीय लष्करात विचार सुरू झाला की काही दिवसांतच धडक मारता आली पाहिजे. पाकिस्ताननं 2011 मध्ये नस्र नावाच्या छोट्या पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी घेतली, साठ किलोमीटरवर अण्वस्त्र टाकणारं. दोघांनी मिळून तीन आठवडे पुसून टाकले.

वेळ राखणारे कागदही याच दोन देशांनी केले आहेत. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार 31 डिसेंबर 1988 ला झाला. त्यानुसार 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. क्षेपणास्त्राची चाचणी घेण्याआधी कळवायचं, हा करार 2005 चा. दोन्हीकडच्या लष्करी कारवाईच्या महासंचालकांमध्ये थेट फोन आहे. या कागदांना बातम्यांत जागा मिळत नाही, पण मागणी करायची तर असे कागद वाढवण्याची करावी. 1 जानेवारी 2002 ला दोन्ही सैन्यं सीमेवर जमत होती. यादी त्या दिवशीही दिली गेली.

(दृश्य: श्रेयनामावली.)