दुखलं असतं तर आलो नसतो का?

(सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या कुटुंबांसमोर एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आत येताना मी दाराशी काढलेल्या तुमच्या चपला बघत उभा होतो. एका जोडीतल्या उजव्या चपलेचा पुढचा काठ पार झिजलाय, डावी मात्र धड आहे. पाऊल पुरतं उचललं जात नाही, जमिनीला घासतं, तेव्हा अशी झीज होते. ज्यांची असेल त्यांनी जाताना मला भेटा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाला लागून एक नस, म्हणजे मज्जातंतू, जाते; तासन्‌तास मांडी घालून बसलं की ती दबू शकते आणि पाऊल लुळं पडतं. विड्या वळायचं काम कसं बसून होतं, ते इथल्या बायकांना मी काय सांगणार?

मागावर काम केलेले एक काका सुनेबरोबर आले होते. तक्रार सुनेची: रोज चादरीला डाग पडतोय. काकांचा पाय उचलून बघितला, तर तळव्याला भोक. चपलेतला खिळा वर आला होता आणि काका त्याच चपलेवर हिंडत होते. म्हटलं, ‘‘काका, दुखलं नाही?’’ तर म्हणाले, ‘‘दुखलं असतं तर आलो नसतो का?’’ रक्त तपासलं तेव्हा शुगर निघाली. कितीतरी आधीपासूनची असणार, त्यांना पत्ताच नव्हता.

वाढलेली शुगर नसांना खाते आणि सगळ्यात लांब नसांची टोकं आधी जातात. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, कापसावर चालल्यासारखं वाटतं. पुढे मुंग्या थांबतात. माणसाला वाटतं बरं झालं. खरं तर तिथे पाय बधिर झालेला असतो. चालता चालता चप्पल सुटून मागे राहिली आणि कळलंच नाही, असं घरात कुणी सांगितलं तर हसू नका. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर तळवे भाजतात, शेकायच्या गरम पाण्याने फोड येतात. झोपेत उंदराने बोट कुरतडलं आणि सकाळी रक्त बघून समजलं, असंही घडतं.

पॉल ब्रँड नावाचे सर्जन १९४६ साली तमिळनाडूतल्या वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने आपोआप झडतात, असा तेव्हा सर्रास समज होता. वेदनाच कळत नसल्याने भाजतं, कापतं, त्याच जखमेवर माणूस चालत राहतो आणि त्यातून बोटं जातात, हे त्यांनी दाखवून दिलं. शुगरच्या बधिर पायाचंही तेच होतं. आणि हो, अंगावर न खाजणारा, बधिर, फिकट चट्टा असेल तर कुष्ठरोगाचीही तपासणी करा. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पूर्ण बरं होतं. लाजायचं काय त्यात?

आज घरी एक करा. म्हाताऱ्यांना आडवं करून डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा जागी टोकाला आपलं बोट अलगद टेकवा. एक-दोन सेकंद, बस. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही. सहापैकी दोन जागा कळल्या नाहीत, तर डॉक्टर गाठा. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी काढलेली ही तपासणी आहे. पैसा लागत नाही.

आता रक्ताचं. चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो, परत चाललं की परत येतो. ‘वय झालं’ म्हणून आपण सोडून देतो. घोट्याचं बीपी दंडाच्या बीपीने भागून ०.९ किंवा त्याहून कमी आलं, तर पायाची रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी, अरुंद झाली असं समजतात. पायाच्या रोहिणीत चरबी साचली, तर हृदयाची आणि मेंदूची वेगळी कशी राहील? अशा माणसाला मी पायाआधी छातीचं विचारतो. तरुण विडी ओढणाऱ्यांचा आजार आणखी वेगळा, त्याला बर्गरचा आजार म्हणतात; हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. बोटं काळी पडतात. तंबाखू पूर्ण सोडणं हाच त्यावरचा खरा उपाय. ‘दिवसाला दोनच’ हा हिशेब तिथे चालत नाही.

सुजेबद्दल थोडक्यात. नडगीवर अंगठा दाबून धरा, खड्डा राहिला तर पाणी साचलंय. दोन्ही पाय सुजले तर हृदय, मूत्रपिंड, यकृत तिन्ही तपासायला हवीत; कधी बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिन गोळीनेही सूज येते, पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखतेय, तर उद्यावर टाकू नका. रक्ताची गुठळी असू शकते, ती फुप्फुसात जाऊ शकते. आणि शुगरवाल्याचं पाऊल लाल, गरम, सुजलेलं आणि तरी फारसं दुखत नसेल, तर आतली हाडं मोडत असू शकतात. चोळू नका, चालू नका, त्याच दिवशी दाखवा.

मागावर उभं राहून ज्यांची हयात गेली, त्यांच्या पोटरीवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा आणि घोट्याच्या आतल्या अंगाची काळपट कातडी इथे घरोघरी दिसेल. ती जागा खाजवून जखम झाली की महिनोन्‌महिने भरत नाही.

एका काकूंची चिठ्ठी आलीय: ‘शुगर आहे. कोजागरीला तुळजापूरला अनवाणी चालत जायचा नवस आहे. जाऊ का?’ काकू, आधी पाय तपासून घ्या. पायाचा स्पर्श आणि पायाची नाडी नीट असेल तर जा, पण अनवाणी नको. सोलापूरहून ४५ किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे, त्यात डांबर आणि खडी. नवी चप्पल त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका, महिनाभर आधीपासून वापरा. प्रत्येक मुक्कामाला लेकाकडून तळवे बघून घ्या, बोटांच्या बेचक्यासुद्धा. आणि स्पर्श गेला असेल, तर एसटीने जा.