सोफ्याची दुसरी बाजू
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात एका तारखेपासून करते. २२ जून २००९, सोमवार. अमेरिकेत टीएलसी वाहिनीवर ‘जॉन अँड केट प्लस एट’ या, एका कुटुंबाचं रोजचं जगणं दाखवणाऱ्या रिॲलिटी कार्यक्रमाचा तासाभराचा भाग लागला. पेनसिल्व्हेनियातलं गॉसेलिन कुटुंब: जॉन, केट, त्यांच्या जुळ्या मुली आणि २००४ साली एकाच बाळंतपणात झालेली सहा मुलं. त्या भागात अंगणात मुलांसाठी खेळायची छोटी घरं बसवली जात होती, मुद्दाम वाकडीतिकडी बांधलेली. मुलं त्यांच्यात शिरत होती, बाहेर पळत होती. आणि त्याच भागात आईवडिलांनी सांगितलं की आम्ही वेगळे होतोय. घटस्फोटाचा अर्ज त्याच दिवशी न्यायालयात दाखल झाला होता. तो भाग सुमारे १ कोटी ६ लाख लोकांनी पाहिला.

मुलांची नावं मी इथे घेणार नाही. नेटवर ती क्षणात सापडतात, पण का घेत नाही ते पुढे बोलण्याच्या ओघात कळेल.

तो भाग पाहताना अनेकांची जी अवस्था झाली, तिला आपल्याकडे नेमके शब्द आहेत: बघवतही नव्हतं आणि उठवतही नव्हतं. ही अवस्था एका वाक्यात उडवून लावली जाते. ‘त्यांनी स्वतःहून सही केली, पैसे घेतले, तुम्हाला त्रास होतो तर रिमोट आहे ना हातात?’ मला हे उत्तर अपुरं वाटतं. त्या अस्वस्थतेला काहीतरी बरोबर कळलेलं असतं, फक्त ते शब्दांत आलेलं नसतं. ते शब्दांत आणायचा आज प्रयत्न करू.

आधी थोडं मागे जाऊ. ११ जानेवारी १९७३ रोजी पीबीएस या अमेरिकेतल्या सार्वजनिक वाहिनीवर ‘ॲन अमेरिकन फॅमिली’ ही खऱ्या कुटुंबावरची माहितीपट-मालिका सुरू झाली. बारा भाग. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराचे बिल आणि पॅट लाउड, आणि त्यांची पाच मुलं. निर्माते क्रेग गिल्बर्ट. घरात प्रत्यक्ष वावरत होते ॲलन आणि सुझन रेमंड हे नवरा-बायको. त्याच्या खांद्यावर कॅमेरा, तिच्याकडे आवाज. १९७१च्या मेअखेरीपासून डिसेंबरअखेरीपर्यंत त्यांनी सुमारे ३०० तासांचं चित्रण केलं. सात महिने म्हणजे २१६ दिवस. दिवसाला सरासरी दीड तासही होत नाही. १६ मिलिमीटर फिल्मचं चारशे फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटांत संपतं, आणि फिल्म महाग. त्यामुळे कॅमेरा कधी चालू करायचा हा निर्णय दर वेळी घ्यावा लागे. पुढे त्या ३०० तासांतून बारा तास उरले. पंचवीस तासांना एक.

त्यातच पॅट नवऱ्याला सांगते की मी वकिलाला भेटले, हे त्याचं कार्ड, तू घर सोड. आवाज न चढवता. मार्गारेट मीड या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी त्या मालिकेची तुलना नाटकाच्या आणि कादंबरीच्या जन्माशी केली होती. लाउड कुटुंब मात्र टॉक शोमधून सांगत राहिलं की आमचे हसतेखेळते दिवस कापले गेले आणि दुखरे ठेवले गेले. पंचवीसास एक या हिशोबात असं होणं अटळच आहे. बारा तासांना गोष्ट हवी, आणि गोष्ट तिथेच असते जिथे काहीतरी बिनसतं.

पण १९७३चा प्रेक्षक आणि २००९चा प्रेक्षक यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि माझ्या मते अर्धी अस्वस्थता त्यातूनच येते. लाउड पतिपत्नीमधला तो प्रसंग घडला १९७१मध्ये, लोकांनी पाहिला १९७३मध्ये. मधे वर्षाहून अधिक काळ गेला होता. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तुम्ही पाहिल्यानं त्या घरात त्या दिवशी काही हलणार नव्हतं. गॉसेलिनांचं पाहा. सहा मुलांचा पाचवा वाढदिवस १० मे २००९. त्या वाढदिवसाची पार्टी दाखवणारा पाचव्या मोसमाचा पहिला भाग २५ मेला लागला. दोन तारखांमध्ये पंधरा दिवस. तो भाग ९८ लाख लोकांनी पाहिला, टीएलसीचा तोवरचा विक्रम. तोपर्यंत दुकानांच्या गल्ल्यांपाशी लावलेल्या गॉसिप साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवर हेच दोघं होते आणि घराबाहेर पॅपाराझी उभे होते. म्हणजे प्रेक्षक जे पाहत होता ते अजून घडतच होतं. तो पाहतो म्हणून मासिक खपतं, मासिक खपतं म्हणून फोटोवाले दारात, फोटोवाले दारात म्हणून घरात ताण, आणि तोच ताण पुढच्या भागात. हे चक्र त्याला दिसत होतं, आणि त्यात आपण कुठे आहोत हेही. ‘मी नुसता बघतोय’ असं म्हणायची सोय संपली होती.

आता कारखान्याच्या आत जाऊ. अशा कार्यक्रमाचे दोन धागे असतात. एक, घरात जे घडतं त्याचं चित्रण. दुसरा, नंतर बसवून घेतलेली मुलाखत. गॉसेलिनांच्या कार्यक्रमात ती एका छोट्या सोफ्यावर व्हायची, दोघं शेजारी शेजारी. मुलाखत घेणारा पडद्यावर सहसा ऐकू येत नाही, त्याचा आवाज कापतात. म्हणून पाहुण्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं: उत्तरात प्रश्न येऊ दे, आणि शक्यतो वर्तमानकाळात बोल. समजा विचारलं, ‘काल बाजारात तुम्हाला लाज वाटली का?’ तर ‘हो, थोडी’ हे उत्तर चालत नाही. उत्तर हवं, ‘आम्ही बाजारात आहोत आणि मला लाज वाटतेय.’ लाज हा शब्द विचारणाऱ्याचा होता. पडद्यावर तो त्या बाईचा झाला. ‘थोडी’ गळून पडलं. यात खोटं कुणीच बोललेलं नाही, हे लक्षात घ्या. संसारावरचे प्रश्न महिनोन्महिने या पद्धतीनं विचारले गेले की नवरा-बायकोला एकमेकांबद्दलची तयार वाक्यं मिळतात, आणि तयार वाक्यांचा स्वभावच असा की ती पुन्हा पुन्हा वापरली जातात.

दुसरी क्लृप्ती म्हणजे तुकडे जोडून वाक्य बनवणं. या धंद्यातले लोक त्याला फ्रँकनबाइट म्हणतात. एका वाक्याचं तोंड, दुसऱ्याचं शेपूट. ओळखायचं कसं? बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असताना वाक्य सुरू होतं आणि मधेच चित्र दुसरीकडे जातं, मुलांकडे, खिडकीकडे, चुलीवरच्या भांड्याकडे. आवाज मात्र चालूच राहतो. चेहरा गायब आहे तेवढ्यातच सांधा असण्याची शक्यता जास्त. कान दिला तर मागचा खोलीचा गुंजारव बदललेला ऐकू येतो, किंवा शब्दाचा सूर वाक्य संपल्यासारखा खाली न उतरता वरच लटकतो. तिसरी खूण प्रतिक्रियेची. नवरा काहीतरी म्हणतो, लगेच बायकोचा कपाळाला आठ्या घातलेला चेहरा. तो चेहरा त्याच क्षणाचा आहे का? दोघं एका चौकटीत असतील तर नक्की. वेगवेगळ्या चौकटीत असतील, तर त्या आठ्या पाच मिनिटं आधी उन्हामुळे पडलेल्याही असू शकतात. एकदा हे पाहायची सवय लागली की कुठलंही कौटुंबिक भांडण तुम्ही चौकटी मोजत बघता. ही सवय लावून घ्यावी असं मी आग्रहानं सांगेन, कारण अशा भांडणात आपण बाजू घेतो ती बहुतेक वेळा सांध्यावर विसंबून.

गॉसेलिनांच्या बाबतीत मात्र सगळं खापर संपादनावर फोडता येत नाही, आणि इथे प्रेक्षकाला आणखी खोल टोचतं. सुरुवातीच्या मोसमांचा सगळा विनोदच त्या सोफ्यावर होता. केट जॉनला टोकायची, त्याचं वाक्य अर्ध्यावर तोडायची, तो छताकडे बघायचा. आठ मुलांच्या धबडग्यात दमलेलं जोडपं, बोलायचंच असं. लोक हसले, आपल्याच घरातलं काहीतरी त्यात दिसलं म्हणून प्रेमानं हसले. २००८मध्ये हवाईत दोघांनी लग्नाच्या शपथा पुन्हा घेतल्या, तेही दाखवलं गेलं. मग २००९च्या मोसमात मुलाखती वेगवेगळ्या व्हायला लागल्या. सोफ्यावर एकच माणूस. आणि त्या क्षणी जुने सगळे भाग मागे जाऊन बदलले. तेच टोकणं, तेच छताकडे बघणं. काल तो विनोद होता, आज तो पुरावा झाला. प्रेक्षकाला स्वतःचंच हसू आठवलं. ‘मी नेमकं कशाला हसत होतो?’ हा प्रश्न तुम्ही वाहिनीवर ढकलू शकत नाही.

कॅमेऱ्यामुळे संसार मोडला का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. बाहेरच्या माणसानं त्याचं उत्तर देऊ नये. कॅमेरा नसलेलीही लग्नं मोडतात. पण कॅमेरा भांडणाचं काय करतो ते सांगता येतं. भांड्याला भांडं लागतंच. संसार टिकतो तो भांडी न लागल्यामुळे टिकतो असं नाही, तो आवाज विरून जातो म्हणून टिकतो. सकाळी चहाच्या वेळी दोघांपैकी एकाला तरी रात्रीचं नीटसं आठवत नसतं, किंवा आठवत नाही असं तो दाखवतो. चित्रित भांडणाला ही सोय नाही. ते आधी घडतं, मग मुलाखतीत उकरलं जातं, मग संपादित होऊन प्रसारित होतं, मग पुनःप्रसारित, मग त्यावर शेजारी, सासर-माहेर आणि लाखो अनोळखी लोक निकाल देतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; इथे मूठ उघडण्याचेच पैसे मिळत होते.

आता सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे येते. सही. दोन सज्ञान माणसं सही करतात तेव्हा ती दोघं मिळून आणखी आठ जणांच्या वतीनं करतात. लग्न टिकून आहे तोवर ही एकत्रित संमती कुणाला खटकत नाही. लग्न फाटलं की तीही मधोमध फाटते. घडलंही तसंच. सप्टेंबर २००९च्या शेवटी वाहिनीनं जाहीर केलं की कार्यक्रमाचं नाव ‘केट प्लस एट’ होणार. त्यानंतर लगेचच जॉननं मुलांचं चित्रीकरण थांबवा असं कळवलं. ऑक्टोबरमध्ये वाहिनीनं करारभंगाचा दावा त्याच्यावर ठोकला. २३ नोव्हेंबरला जुना कार्यक्रम संपला, डिसेंबरमध्ये घटस्फोट पूर्ण झाला, आणि २०१०मध्ये नव्या नावानं मुलं पुन्हा पडद्यावर आली. बापाचा हेतू काय होता यात मी शिरत नाही. पण प्रेक्षकाला जे पोटात जाणवत होतं ते यातून उघडं पडलं: मुलांची स्वतःची संमती कधी नव्हतीच. आईबापांच्या एकजुटीकडे बोट दाखवून आपण ती गृहीत धरली होती. एकजूट गेली तशी आपली सबबही गेली.

कायद्याचं थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या १९३८च्या केंद्रीय श्रम कायद्यानं बालकलाकारांना बालमजुरीच्या बंदीतून वगळलं, आणि त्यांचं काय ते राज्यांवर सोडलं. कॅलिफोर्नियात १९३९ साली जॅकी कूगन या बालनटाच्या नावानं ओळखला जाणारा कायदा झाला, कारण सज्ञान झाल्यावर त्याच्या कमाईतलं फारसं काही उरलं नव्हतं. आज तिथे कमाईचे १५ टक्के मुलाच्या नावानं विश्वस्त खात्यात ठेवावे लागतात. पण नटाला संवाद असतात, कामाची वेळ असते. स्वतःच्या घरात दूध पिणारं मूल काम करतंय की जगतंय? पेनसिल्व्हेनियाच्या श्रम विभागानं २००९मध्ये गॉसेलिनांच्या कार्यक्रमाची चौकशी केली ती याच प्रश्नावर. २०१२मध्ये त्या राज्यानं बालमजुरीचा कायदा नव्यानं केला, आणि रिॲलिटी कार्यक्रमातली मुलं त्यात आली. घरच्या घरी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओंपर्यंत पोचायला आणखी वेळ लागला. पालकांच्या व्हिडिओंमधून होणाऱ्या कमाईत मुलाचा वाटा ठरवणारा इलिनॉयचा कायदा १ जुलै २०२४पासून लागू झाला.

आपल्याकडे बालमजुरी कायद्याखालचे २०१७चे सुधारित नियम आहेत. चित्रीकरणात मुलाचं काम दिवसाला पाच तासांहून जास्त नको, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नको, सलग २७ दिवसांहून जास्त नको, आणि कमाईचे किमान २० टक्के मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. मराठीत आज घरोघरच्या व्लॉगमधून लहान मुलं दिसतात, त्यांच्या आईबापांनी हे नियम एकदा वाचावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. पण तासांचा आणि टक्क्यांचा हिशोब मुलाच्या वेळेला आणि पैशाला पुरतो. आईबाप वेगळे होत असल्याची बातमी कॅमेऱ्यासमोर यावी की नाही, हे त्यातला एकही नियम मुलाला विचारत नाही.

गॉसेलिनांच्या सुरुवातीच्या मोसमात मुलांना पॉटीवर बसायला शिकवण्याचा एक भाग होता. ती सहा मुलं मे २०२२मध्ये अठरा वर्षांची झाली, म्हणजे स्वतःच्या नावानं सही करण्याच्या वयाची. तोवर तो भाग प्रसारित होऊन एका तपाहून अधिक काळ लोटला होता.